वन्सं गोळ्या घेत होत्या

"बाई गोळ्या घेत नाहीत," मोठे डॉक्टर म्हणाले.

हे त्यांनी माझ्या नणंदेला नाही, मला सांगितलं. वन्सं समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या, दंडाला अजून प्रेशरचा पट्टा गुंडाळलेला होता, आणि त्या काही बहिऱ्या नव्हत्या. उलट अख्ख्या शहराचं बोलणं त्यांच्या कानाशी येऊन पुढे जायचं. बावीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या.

"घेते," वन्सं म्हणाल्या.

"दोनशे वीस आहे. गेल्या आठवड्यात दोनशे होतं. गोळी सुरू केली नव्हती तेव्हा एकशे सत्तर. आता गोळी आहे प्रेशर उतरवायची. पोटात गेली असती तर उतरलं असतं."

"मग तुमची गोळी खोटं बोलत असेल. मी नाही."

डॉक्टरांनी पट्टा सोडला, केसपेपर ओढला आणि त्यावर लिहिलं, रुग्ण औषध नियमित घेत नाही. मी उलट्या बाजूने वाचलं. मी कामाला होते त्या प्रयोगशाळेत, आमच्या सरांच्या टेबलासमोर उभं राहून उलटं वाचायची सवय मला लागलेली होती.

"सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "सर्जननी दिवस दिलाय, पुढे ढकलता येणार नाही, खडे मोठे आहेत. डोस दुप्पट करतो. आणि वहिनी, तुम्ही स्वतः समोर उभं राहून गोळी द्या."

"मीच देते, डॉक्टर. सकाळ-संध्याकाळ. पाणीसुद्धा मी देते."

ते हसले. घरातल्या बायका एकमेकींची पाठराखण करतात तेव्हा शहाणी माणसं जशी हसतात, तसं.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. पण ते हसू मला अजून चित्रासारखं दिसतं, कारण त्या क्षणी मला राग आला आणि रागाच्या मागोमाग भीती वाटली. प्रेशर चढत चाललं होतं, गोळ्या पोटात जात होत्या हे मला माहीत होतं, आणि पाच दिवसांनी त्यांना भूल देऊन टेबलावर झोपवणार होते. यातलं काहीतरी साफ चुकत होतं.

वन्सं माझ्या नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. शिक्षण सोडून एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि धाकट्या भावाला वाढवलं. लग्न केलं नाही. मी लग्न होऊन आले ती सासूच्या घरात नव्हे, नणंदेच्या घरात आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा सांगितलं, "वहिनी, दार लावताना आवाज करू नका, दिवसभर माझ्या कानात खडखडाट असतो." चौथ्या वेळी मी दार इतकं हळू लावलं की ते उघडंच राहिलं आणि मांजर दूध पिऊन गेलं. तेव्हापासून आमचं जमलं. वयाने त्या मोठ्या, पण मला त्या 'वहिनी' आणि 'तुम्ही' म्हणायच्या ते शेवटपर्यंत.

त्यांचा त्रास तीन वर्षांचा. अचानक डोकं फुटायला लागायचं, छातीत धडधड इतकी की बाजूला बसलेल्याला कपड्यावरून दिसावी, चेहरा कागदासारखा पांढरा, अंगाला घामाच्या धारा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरायचं आणि वन्सं पुसून काढल्यासारख्या थकून बसायच्या. डॉक्टर झाले चार. एक म्हणाले कामाचा ताण, एक म्हणाले पाळी जायचं वय. तिसऱ्यांनी तर सरळ सांगितलं, लग्न केलं असतं तर हे झालं नसतं.

"लग्न केलेल्या बायकांची प्रेशरं मोजलीत का कधी?" वन्संनी विचारलं होतं. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही.

मोठे डॉक्टर चौथे. ते खरोखर हुशार होते, नावाजलेले होते, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्यांचा अख्खा विभाग होता. ती नवीन गोळीही त्यांनी वाचून, विचार करूनच सुरू केली होती. धडधड थांबवते, प्रेशर उतरवते, बाहेर सगळीकडे गाजतेय, असं ते म्हणाले होते. धडधड थोडी कमी झालीही. प्रेशर मात्र चढत गेलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्याच कॉलेजात, हॉस्पिटलच्या समोर बाग ओलांडली की औषधशास्त्राचा विभाग होता. तिथे मी प्रयोगशाळा सहायक होते. आज औषधाचा परिणाम पडद्यावर दिसतो. आमच्याकडे ड्रम होते. घड्याळासारखं यंत्र, त्यावर डब्याएवढा उभा पितळी ड्रम, हळूहळू गोल फिरणारा. त्याला गुळगुळीत पांढरा कागद घट्ट चिकटवायचा आणि रॉकेलच्या दिव्याच्या धुरावर फिरवून काळा करायचा. काजळी सगळीकडे सारखी बसली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. हे काम विभागात माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही, हे मी आजही सांगते. मग बेशुद्ध केलेल्या जनावराच्या मानेतल्या रक्तवाहिनीला नळी जोडायची. नळीच्या टोकाला पारा, पाऱ्यावर तरंगती काडी, काडीचं टोक काळ्या कागदाला टेकलेलं. प्रेशर चढलं की टोक वर जायचं, उतरलं की खाली, आणि काजळी खरवडत पांढरी रेघ उमटायची. शेवटी कागद सोडवून, काजळी पुसू नये म्हणून, लाखेच्या द्रावणात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. माझी नखं बारा वर्षं काळी होती. लग्नाच्या फोटोत मी हात मागे लपवलेत.

वन्संच्या गोळीच्या महिनाभर आधी माझ्या हातून एक चूक झाली होती.

शुक्रवारचं प्रात्यक्षिक होतं. साठ विद्यार्थी टेबलाभोवती. आमचे सर विभागप्रमुख. बुटके, कोटाला ॲसिडची भोकं, आवाज मात्र मागच्या भिंतीपर्यंत. दर वर्षी ते मुलांना एकच जादू दाखवायचे. आधी ॲड्रेनॅलिन द्यायचं, रेघ उंच चढायची. मग दुसरं एक औषध द्यायचं. आणि मग तेच ॲड्रेनॅलिन, तेवढंच, पुन्हा. या वेळी रेघ चढण्याऐवजी खाली जायची. मुलं तोंडाचा आ करायची. सिरिंजा भरून ट्रेमध्ये ओळीने मी मांडायची, डावीकडून उजवीकडे, आणि सर न बघता हात टाकून उचलायचे. इतका त्यांचा माझ्या ओळीवर विश्वास.

त्या आठवड्यात एक नवीन औषध आलं होतं. कुपी तपकिरी, जुन्या औषधाची कुपीही तपकिरी, दोन्ही करंगळीएवढ्या. मी नवीन कुपी फोडून मधल्या सिरिंजेत भरली.

"आता बघा," सर ऐटीत म्हणाले, "हेच ॲड्रेनॅलिन आता प्रेशर खाली आणेल."

रेघ चढली. पहिल्यापेक्षा उंच चढली. चढतच गेली, उतरायचं नाव घेईना. पारा नळीच्या तोंडातून उसळून टेबलावर गोळ्या गोळ्या होऊन पळाला आणि टोक कागदाच्या वरच्या काठावरून बाहेर गेलं. साठच्या साठ मुलं खदाखदा हसली.

सरांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, मधे काय भरलंत?"

मी रिकामी कुपी दाखवली. मला वाटलं, नोकरी गेली. पण सरांनी कुपी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हसू नका रे," ते मुलांना म्हणाले. "बाईंनी आज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंय. ॲड्रेनॅलिन रक्तातून फिरतं, पण त्याला काम करायला जागेवर बसावं लागतं. त्या जागांना म्हणायचं रिसेप्टर. दोन तऱ्हेचे. अल्फावर बसलं की रक्तवाहिनी आवळते, प्रेशर चढतं. बीटावर बसलं की हृदय जोरात धावतं, पण काही रक्तवाहिन्या सैल पडतात. आवळणं आणि सैल पडणं दोन्ही चालू असतं, म्हणून बेताने राहतं. दर वर्षी मी अल्फा बंद करतो. मग उरतं नुसतं सैल पडणं. आज बाईंनी बीटा बंद केला. उरलं काय?"

"आवळणं," पुढची एक मुलगी म्हणाली.

"नुसतं आवळणं! म्हणून पारा टेबलावर."

त्यांनी टाचणीने त्या काळ्या कागदावर खरवडून लिहिलं, 'बीटा बंद, अल्फा मोकळा', आणि खाली तारीख. मी तो कागद लाखेत बुडवून वाळवला आणि कपाटाच्या दारावर लावून टाकला. पुन्हा अशी चूक करू नये, म्हणून.

तर बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. गुरुवारी दुपारी एक्स्चेंजमधून विभागात फोन आला की वन्संना घेऊन जा. मी गेले. त्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर आडव्या होत्या. त्यांची सुपरवायझर पंख्याने वारा घालत होती.

"कुणी काही बोललं का यांना?" मी विचारलं.

"कुणाची बिशाद आहे?" सुपरवायझर म्हणाली. "सकाळी एका माणसाने दहा मिनिटं शिव्या घातल्या, तर या शांतपणे म्हणाल्या, 'तुमचं झालं की नंबर सांगा.' तेव्हा काही नाही झालं. दुपारी बोर्डाच्या खालच्या, कॉल जोडायच्या कॉर्ड गुंतल्या, त्या सोडवायला वाकल्या आणि कोसळल्या."

घरी येताना मी वन्संना विचारलं, "मागच्या वेळी कधी आलं होतं?"

"बूट घालताना."

"त्याच्या आधी?"

त्यांनी आठवून सांगितलं. मोरीत कपडे पिळताना. पलंगाखालची पेटी ओढताना. एक्स्चेंजमध्ये तर बहुतेक वेळा बोर्डाच्या खालच्या रांगेपाशी.

"शिव्या खाताना एकदाही नाही?"

"शिव्यांनी प्रेशर वाढत असतं, तर एक्स्चेंज केव्हाच बंद पडलं असतं, वहिनी."

ताण नव्हता. मन नव्हतं. वाकलं की पोटात काहीतरी दाबलं जात होतं, आणि तिथून काहीतरी सुटत होतं. धडधड, घाम, पांढरा चेहरा. प्रयोगशाळेतल्या कुणालाही विचारा, हे कशाने होतं. ॲड्रेनॅलिनने. आणि ती गोळी? पर्समधलं पाकीट काढून मी त्यावरचं बारीक नाव वाचलं. माझे पाय रस्त्यातच थांबले. हेच नाव त्या तपकिरी कुपीवर होतं.

वन्संना घरी झोपवलं आणि मी विभागात पळत गेले. कपाटाच्या दारावरचा कागद ओढून काढला, एक कोपरा फाटला, आणि तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. शेजारी गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. वाकणं, घाम, एकशे सत्तर, दोनशे, दोनशे वीस.

सरांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खाली बसा, बाई."

बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बसायला सांगितलं होतं. त्यावरूनच मला कळलं.

"किडनीच्या वर एक छोटी ग्रंथी असते. तीच ॲड्रेनॅलिन बनवते. तिच्यात गाठ झाली, तर ती हवं तेव्हा आणि हवं तितकं रक्तात सोडते. क्वचित होतं. पण होतं. ही गाठ घेऊन त्यांना सोमवारी भूल दिली, पोटाला हात लावला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "टेबलावरून उठायच्या नाहीत त्या."

त्यांनी लगेच हॉस्पिटलात फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, मीच बोलतोय... नाही, बेडूक नव्हे, कुत्रा... अहो पण ऐका तरी..." मग त्यांनी रिसीव्हर ठेवला. कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पेशंट माझा आहे, तुमचा ड्रम तुमच्याकडे ठेवा. आणि ऑपरेशनला घाबरून घरचे लोक बहाणे शोधतात, म्हणे." सर खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. आमच्या लोकांना त्या बाजूला 'बेडकांचे डॉक्टर' म्हणायचे, आणि सर बारा वर्षांत बाग ओलांडून तिकडे गेले नव्हते. "उद्या त्यांची वेळ किती वाजता असते?"

"नऊ."

"तुम्ही वन्संना घेऊन या. मी येतो."

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा आमचे हे घाबरले. "डॉक्टर चिडले आणि बघायचंच नाही म्हणाले तर?" ते म्हणाले. "सोमवार गेला तर कुठे जायचं?"

"सोमवार गेला तर मंगळवारी मी जिवंत असेन," वन्सं म्हणाल्या. "गाठीपेक्षा मला त्या ओळीचा राग आलाय. काय लिहिलंय त्यांनी, वहिनी?"

"रुग्ण औषध नियमित घेत नाही."

"बावीस वर्षं मी खोटा नंबर जोडला नाही," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

शुक्रवारी नऊ वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. डॉक्टर, सर, वन्सं आणि मी. सरांनी धुतलेला कोट घातला होता, पण भोकं तीच. मी कागद टेबलावर उलगडला.

डॉक्टरांनी त्याकडे नुसती नजर टाकली. "हे कुत्र्याचं आहे."

"कुत्र्याचे आणि माणसाचे रिसेप्टर सारखेच असतात," सर म्हणाले. "मान तेवढा माणसाला जास्त लागतो."

"टोमणे मारायला आला आहात का?"

"नाही. विनंती करायला आलोय. सोमवार रद्द करा आणि लघवीची तपासणी होईपर्यंत थांबा."

"एका प्रात्यक्षिकात चुकलेल्या सिरिंजेवरून मी ऑपरेशन रद्द करू? यांचं प्रेशर ताणाने वाढतं. आणि औषध न घेतल्याने."

वन्सं तोवर स्टुलावर गप्प बसल्या होत्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आत्ता मला कसला ताण आहे? तुम्ही तिघं भांडताय, मी नाही. मोजा."

डॉक्टरांनी पट्टा बांधला, मोजलं. "एकशे नव्वद."

"पट्टा राहू द्या," वन्सं म्हणाल्या आणि काय करणार ते कुणाला कळायच्या आत स्टुलावरून खाली वाकल्या, कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत. एका हाताने बुटाची नाडी धरली आणि तशाच राहिल्या.

"नका!" सर ओरडले. "त्यांना उठवा!"

मी खांदे धरून त्यांना सरळ केलं. चेहरा पांढरा होत चालला होता. कपाळावर घामाचे मोती फुटले. "आली," वन्सं पुटपुटल्या, "मोजा ना आता."

डॉक्टरांनी फुगा दाबला. एकदा, मग पुन्हा. स्टेथोस्कोप कानातून काढला, झटकला, परत घातला. मग मी त्यांचा आवाज पहिल्यांदा बदललेला ऐकला.

"दोनशे सत्तर."

सरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली कुपी काढली. या वेळी ती मी तीनदा वाचून दिली होती. "अल्फा बंद करणारं," ते म्हणाले. "मी तिकडे प्राण्यांना देतो. इकडे द्यायचा हक्क तुमचा."

डॉक्टरांच्या हुशारीबद्दल मी आधी म्हटलंच. त्यांनी कुपी हातात घेतली, नाव वाचलं, एक क्षण सरांकडे पाहिलं, आणि त्यानंतर एकही शब्द वाया घालवला नाही. वन्संना टेबलावर आडवं केलं, सुई एका फटक्यात शिरेत गेली, हात जराही हलला नाही.

"प्रेशर कोण वाचणार?"

"बाई वाचतील," सर म्हणाले. "पाऱ्यावर त्यांच्याइतकी नजर दोन्ही इमारतींत कुणाची नाही."

मी स्टेथोस्कोप कानाला लावला. बारा वर्षं मी पाऱ्याला वर-खाली होताना पाहिलं होतं, पण त्याच्या पलीकडच्या टोकाला कधी माझं माणूस नव्हतं. दर अर्ध्या मिनिटाला मी आकडा सांगत गेले.

"दोनशे साठ."

डॉक्टर घड्याळाकडे बघत होते.

"दोनशे तीस."

सरांनी मूठ आवळली.

"एकशे नव्वद... एकशे सत्तर." माझा आवाज फाटला. "एकशे साठ, डॉक्टर. खाली सत्त्याण्णव. उतरतंय!"

"उतरलं," डॉक्टर म्हणाले. ते स्टुलावर बसले, वन्संच्याच. वन्संच्या गालांवर रंग परत येत होता, आणि त्यांनी डोळे उघडले.

डॉक्टरांनी केसपेपर घेतला. ती ओळ खोडली, एकदा नव्हे, कागद फाटेल इतक्यांदा. मग वन्संकडे वळून म्हणाले, "तुम्ही गोळ्या घेत होतात."

"चार वेळा सांगितलं," वन्सं क्षीण आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडून लाइन कुणी उचललीच नाही."

"चूक माझी झाली."

"चला, लागली एकदाची."

सर इतके मोठ्याने हसले की बाहेरून नर्स डोकावली.

सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. ती गोळी बंद झाली. लघवीची तपासणी मात्र व्हायचीच होती. चोवीस तासांची सगळी लघवी एका मोठ्या तपकिरी बाटलीत, तळाशी ॲसिड. आधी दोन दिवस केळं नाही, कॉफी नाही, व्हॅनिला घातलेलं काही नाही. वन्संनी ती बाटली पिशवीत घालून कामावरही नेली, कारण रजा घेणं त्यांना पटेना. सुपरवायझरने विचारलं यात काय आहे, तर म्हणाल्या, "कालचे सगळे कॉल." तपासणीत ॲड्रेनॅलिनच्या अंशाचा आकडा नेहमीच्या सहापट निघाला. एक्स-रेच्या फोटोत उजव्या किडनीच्या वर गाठ दिसली, अक्रोडाएवढी.

मग वन्संना हॉस्पिटलात ठेवून दोन आठवडे अल्फा बंद ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्याने नाक चोंदायचं, पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण प्रेशर रोज थोडं थोडं उतरत गेलं. आणि नवव्या दिवशी डॉक्टरांनी ती जुनी गोळी पुन्हा काढली, अगदी अर्धी.

"ही? पुन्हा?" वन्संनी हात मागे घेतला.

"आधी अल्फा बंद केलाय. आता बीटा बंद केला तर चालतो. क्रम महत्त्वाचा."

वन्संनी सगळं नीट समजावून घेतलं. मग मला म्हणाल्या, "वहिनी, हे तर आमचंच काम आहे. कॉल एकच, पण कुठल्या भोकात कॉर्ड घालाल त्यावर कुणाचं घर वाजणार ते ठरतं. यांनी शांत माणसाचं घर बंद केलं आणि भांडकुदळाचं उघडं ठेवलं. सगळे कॉल तिकडेच जाणार ना!" मोठ्या डॉक्टरांनी हे पुढे कितीतरी वर्षं वर्गात सांगितलं, आणि दर वेळी सांगायचे की हे माझं नाही, माझ्या पेशंटचं आहे.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. आदल्या दिवशी येऊन वन्संचं पोट हळूच चाचपून म्हणाल्या, "भूल देणारे सगळ्या तयारीत आहेत. मी गाठीला हात लावीन तेव्हा प्रेशर उसळेल. तिची शीर बांधली की धाडकन पडेल. दोन्ही आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही झोपा."

"मला वाटलं होतं, तुम्ही बोलत नाही," वन्सं म्हणाल्या.

"कामाचं बोलते."

सकाळी आठला आत नेलं. मी, आमचे हे आणि सर बाहेरच्या बाकावर. हो, सरही आले होते, बाग ओलांडून, आणि हॉस्पिटलचे शिपाई त्यांना कुणाकडे आलात हे विचारल्याशिवाय आत सोडत नव्हते. आमचे हे दारावरून नजर काढेनात. ज्या बहिणीने त्यांच्या पुस्तकांना कव्हरं घातली होती, ती आत होती. दहाच्या सुमाराला मोठे डॉक्टर दारातून डोकावले. "हात लावल्यावर दोनशे चाळीसला गेलं होतं. औषध तयार होतं, खाली आणलं." पुन्हा आत. पावणेअकराला परत. "शीर बांधली. ऐंशीवर पडलं होतं. सलाइन वाढवलं. शंभर झालं. एकशे दहा." मग त्यांनी टोपी काढली. त्यांच्या केसांतून घाम ठिबकत होता, जणू गाठ त्यांच्याच पोटात होती. "गाठ बाहेर आहे."

आमच्या ह्यांनी त्यांना मिठीच मारली. मी आयुष्यात त्यांना कुणा परक्या माणसाला मिठी मारताना पाहिलेलं ते एवढंच. सर्जन बाईंनी त्याच छेदातून पित्ताशयही काढलं. खडे नंतर एका डबीत घालून दिले. वन्सं म्हणाल्या, "अंगठीत बसवायच्या लायकीचा एकही नाही."

तीन दिवसांनी सकाळी मोठे डॉक्टर वॉर्डात आले. मागे वीस विद्यार्थी, त्यांच्या मागे सर. डॉक्टरांनी स्वतः पट्टा बांधला, मोजलं. पुन्हा मोजलं. पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून तिसऱ्यांदा मोजलं.

"काय झालं?" वन्सं म्हणाल्या. "बिघडलं का तुमचं यंत्र?"

"एकशे अठरा, खाली शहात्तर." त्यांनी विद्यार्थ्यांकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "कुठल्याही गोळीशिवाय. लिहून घ्या. आणि हेही लिहून घ्या, की पेशंट गोळी घेतो म्हणाला आणि प्रेशर चढलं, तर आधी गोळीवर संशय घ्यायचा, मग स्वतःवर, आणि सगळ्यात शेवटी पेशंटवर."

विद्यार्थी भराभरा लिहीत होते. सर मागून काहीतरी बोलले. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "आणि हे निदान बागेच्या पलीकडे झालं. तेही लिहा." सरांनी त्यावर चष्मा काढला आणि कोटाच्या भोकाजवळच्या कापडाने उगाच पुसत राहिले.

घरी सोडायच्या दिवशी नर्सने चाकाची खुर्ची आणली. वन्संनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टपाशी रांग. वन्संनी रांगेकडे एक नजर टाकली आणि जिन्याकडे वळल्या.

"अहो वन्सं, टाके!" मी मागून ओरडले.

"टाक्यांना मी सांगितलंय."

एका हाताने कठडा धरून त्या उतरायला लागल्या, एक एक पायरी, ताठ मानेने. मी मागे, हातात औषधांची यादी, ज्यात प्रेशरचं एकही औषध नव्हतं. आमचे हे माझ्या मागे, खडखडणारी खुर्ची पिशवीसकट उचलून धापा टाकत. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, आली चक्कर. त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं, घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट नाडी मोजली, आणि वर आमच्याकडे पाहिलं. चेहरा लाल होता, नुसता उतरण्याच्या श्रमाने, जसा कुठल्याही निरोगी बाईचा होईल.

"ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "तुमची किती?"

आणि आमच्या उत्तराची वाट न बघता उरलेला जिना उतरून, मोठ्या दारातून उन्हात गेल्यासुद्धा.